उलटवलेली वीट

माझ्या बिछान्याच्या बरोबर वर, छताची एक वीट आणि तिला धरून असलेली तुळई यांच्यामध्ये फट पडली होती. पहिल्या दिवशी तिच्यात जवाचा दाणा जाडीने जात होता, लांबीने नाही. मी शिडी लावून खरंच घालून पाहिला. काही दिवसांनी तो लांबीनेही जाऊ लागला. मग मी तिथे खजुराची बी अडकवून ठेवली, म्हणजे फट आणखी रुंदावली तर ती खाली पडेल आणि मला कळेल.

मोजायची मला सवय आहे. मी डोळ्यांचं अंजन करते. जस्ताची राख, केशर, डिंक हे सगळं मोहरीएवढ्या वजनांनी तोलावं लागतं, आणि हात चुकला तर समोरच्याचा डोळा जातो. त्या दिवसांत माझ्याकडे गर्दी असे. शहरभर माती उडत होती आणि निम्म्या फौजेचे डोळे लाल झाले होते.

फट कशाने पडली ते उघड होतं. आमचं घर दुरा शहराच्या पश्चिमेच्या तटबंदीला लागून होतं. मध्ये फक्त एक गल्ली, आणि आमचं दार त्या गल्लीतच उघडत असे. ती गल्ली फौज मातीने भरत होती. माती आमच्या भिंतीला रेटत होती, भिंत तुळईला, तुळई विटांना. एवढं मला समजत होतं. त्यापलीकडचं काहीच समजत नव्हतं.

ती वीट साधी नव्हती. आमच्याकडे चांगल्या घरांच्या छतात तुळयांच्या मधे भाजलेल्या चपट्या विटा बसवतात, रंगवलेली बाजू खाली. कुणी त्यांवर डाळिंबं काढून घेतात, कुणी मासे. आमच्या घराण्यात चेहरे. घरातल्या प्रत्येकाची एक वीट, सून आली की तिचीही. माणूस मेला की त्याची वीट काढून उलटी बसवायची, म्हणजे चेहरा वर छपराच्या मातीकडे जातो आणि खाली खोलीत नुसती कोरी पाठ दिसते. घर सोडायची वेळ आली तर जिवंतांच्या विटा बरोबर न्यायच्या आणि मेलेल्यांच्या तिथेच ठेवायच्या.

माझ्या बिछान्यावरची वीट कोनोनची, माझ्या नवऱ्याची. विटा रंगवणारा चितारी हा नदीच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावचा होता आणि त्याला एकच चेहरा काढता येत असे: मोठे डोळे, जुळलेल्या भुवया, सरळ समोर बघणारा. बाई असेल तर झुमके, पुरुष असेल तर दाढी. कोनोन खरा कसा दिसतो याच्याशी त्या विटेचा फारसा संबंध नव्हता. तरी सकाळी उठल्यावर पहिली नजर तिच्यावरच जायची. माझी सासूही अंगणात जाण्याआधी दारात थांबून वर बघायची आणि म्हणायची, "उठलास का रे बाळा."

सासू म्हणजे बिथनानाया, माझ्या बापाची बहीणही. घराचे तुकडे होऊ नयेत म्हणून आमच्यात नात्यातच लग्नं लावतात. त्यामुळे सासूला मी आत्या म्हणते, आणि भांडण झालं तर माहेरी निघून जायची सोय नसते.

कोनोन तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडावर, लोकरीचे गठ्ठे घेऊन नावेतून नदीच्या खालच्या अंगाला गेला. तो परत आला नाही. पुढच्या वर्षी त्याच्याबद्दल तीन बातम्या आल्या. एका खजूरवाल्याने त्याला खालच्या बंदरात पाहिलं होतं. चांगला लठ्ठ झाला आहे म्हणाला. एका शिपायाने त्याला वरच्या अंगाला, खाबूर नदी जिथे येऊन मिळते तिथे पाहिलं होतं, इराणी अंगरख्यात. दोघांनीही पाहिल्याचा महिना एकच होता. तिसरा एक नावाडी. तो दुऱ्यात कधी राहिला नव्हता, आमचं कुणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. आमच्या चौकात बसून तो म्हणाला की अरुंद पात्राच्या जागी लोकरीची एक नाव उलटली, आणि त्याने ज्याला काठावर ओढलं त्या माणसाच्या डाव्या चपलेचा पट्टा तांबड्या लोकरीने बांधलेला होता. त्याला तिथेच पुरलं.

कोनोन निघाला तेव्हा उंबऱ्यावरच त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता. आत्याने चातीवरची तांबडी लोकर तोडून दिली आणि मी वाकून गाठ मारली.

नावाडी हे सांगत होता तेव्हा आम्ही दोघी त्याच्या समोर बसलो होतो. आत्याने त्याला विचारलं, "ताक घेणार का?" तो प्यायला आणि गेला. त्यानंतर नावाड्याचा विषय आमच्यात निघाला नाही. खजूरवाल्याचा आणि शिपायाचा मात्र निघत असे, कधी पीठ मळताना, कधी दिवा लावताना.

गल्ली भरायचं काम सुरू झालं तेव्हा पहिला हुकूम होता, माती गुडघ्याएवढी. लोकांनी उंबऱ्यांवर विटांचा एक थर चढवला आणि चालू लागले. मग हुकूम आला की गुडघा म्हणजे घोड्याचा. मग कमरेएवढी. मग कमरेचा हुकूम मागे घेतला, दोन दिवस कुणी टोपली उचलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकदम खिडक्यांपर्यंत. कामावरचा नायक लॅटिनशिवाय काही बोलत नसे. त्याच्या हाताखालचे तिरंदाज तदमोरचे, त्यांची भाषा आमच्या भाषेच्या जवळची. माती वाहणारे ग्रीक बोलणारे. हुकूम एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाईपर्यंत त्याचं काय झालेलं असे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

तटाला आतून टेकू हवा, इराणी येणार आहेत, असं म्हणत. तीन वर्षांपूर्वीही म्हणत होते. तेव्हा ते आले की नाही यावरही शहरात एकमत नाही. आमचा शेजारी आणि आत्याचा दीर गोरास छातीवर हात ठेवून सांगतो की इराण्यांनी हिवाळाभर शहर धरलं होतं आणि त्याने त्यांच्या एका सरदाराला कांदे विकले. त्याची बायको म्हणते की तो सरदार आपल्याच बाजूचा होता, टोपी तेवढी वेगळी होती. मी त्या हिवाळ्यात इथेच होते. आम्ही दार लावून बसलो होतो. बाहेरून घोडे गेले आणि काही दिवसांनी परत आले. कुणाचे होते ते दाराच्या फटीतून कळत नव्हतं.

या वेळी तर काहीच दिसत नव्हतं. तटावर चढून पाहिलं की पश्चिमेला सपाट माळ आणि धूळ. धूळ फौजेची की वाऱ्याची यावर पहारेकरी भांडत. मागे पूर्वेला नदी होती तशीच, मातकट, काठावर धोबी. आपण कुणाला घाबरतो आहोत हे कळलं असतं तरी बरं वाटलं असतं.

भर वाढला तशी गल्ली वर चढत गेली. ओळखीच्या जागा ओळखू येईनात. चालताना डोकं तटातल्या, बाण सोडायच्या जंग्यांपाशी यायचं, आणि दारांच्या जागी पायाशी नुसत्या चौकटींच्या वरच्या पट्ट्या दिसायच्या. कुत्री छपरांवरून फिरू लागली. ज्यूंचं प्रार्थनाघर, ख्रिस्ताच्या लोकांचं घर, शिपायांच्या बैल मारणाऱ्या देवाची खोली, सगळ्यांत सारखीच माती पडत होती. एके दिवशी गोरास आपल्या घरात उतरतो आहे असं समजून आमच्या छपराच्या झरोक्यातून खाली आला आणि आमच्या चौकात उभा राहून बायकोला हाका मारू लागला.

"ती तुला सोडून गेली," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता मी आहे. हात धुऊन घे."

गोरासचं घर त्यानंतर लवकरच भरलं. त्याने छत उतरवू दिलं, सामान बाहेर काढलं, आणि माती टाकण्याआधी दाराला आतून नीट कुलूप घातलं. चावी त्याने गळ्यात अडकवली. मला हे विचित्र वाटलं, पण ओळीतल्या सगळ्यांनीच तसं केलं होतं. कुणी कोनाड्यांतून माठ तसेच ठेवले, कुणी चुलीत सरपण रचून ठेवलं. वसंतात माती काढायची आणि राहायला यायचं, असंच सगळे धरून चालले होते. भिंतींवरची चित्रं खरवडली जाऊ नयेत म्हणून माती हळू टाका, असं बायका वरून ओरडून सांगत असत, आणि शिपाई ऐकतही असत.

ओळीत आमचं घर तेवढं राहिलं. दोन्ही बाजूंना माती आणि मधे आमची पोकळ खोली.

आमच्या पुढच्या खोलीत फौजेने एक तिरंदाज ठेवून दिला होता. यरहाई त्याचं नाव, तदमोरचा. खांद्याने दार अडवेल एवढा मोठा माणूस, पण आत्यासमोर अंग चोरून वावरायचा. एके दिवशी दुपारी तो आला आणि आपल्या खोलीत न जाता चौकातच उभा राहिला. डोळ्यांत अंजन घालायचं असेल म्हणून मी डबी उघडली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आजी, उद्या सकाळी छत काढायचं आहे," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"आपलं."

"तुझं तदमोरला आहे ना? ते काढ."

यरहाईने मान खाली घालून सगळं सांगितलं. आमच्या घराच्या जागी भर नाही, त्यामुळे तटाला तिथे टेकण नाही. बाहेरून कुणी तटाखाली खणलं किंवा धडका दिल्या तर तो नेमका आमच्या घरात कलेल, आणि मग आत यायला दुसरा दरवाजा लागणार नाही. नायकाने विचारलं होतं की हे एक घर का राहिलं. यरहाईने त्याला सांगितलं की घरातल्या मोठ्या माणसाने घराच्या दैवाला निरोप दिल्याशिवाय तुळईला हात लावायचा नसतो, आणि ती म्हातारी निरोप देत नाही. नायक हसला होता. उद्या ऊन तटावर येईपर्यंत निरोप झाला नाही तर पहारी घेऊन माणसं पाठवतो म्हणाला, विटाबिटा काही पाहायच्या नाहीत.

आत्या मसूर निवडत होती. तिने खडा काढून बाजूला ठेवला.

"आणि कोनोन आला तर दार कुठं शोधेल?"

"विचारेल कुणाला तरी," यरहाई म्हणाला.

"दोन वर्षं या घरात राहतोयस. विचारून विचारून तुला अजून पाण्याचा माठ सापडत नाही."

यरहाईने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. मी डबी बंद केली. मला वाटलं होतं की आत्याशी बोलायचं ते घराबद्दल आहे; पण घराबद्दल बोलायला तोंड उघडलं असतं तर पुढचं वाक्य कोनोनचं आलं असतं, आणि ते वाक्य कसं सुरू करायचं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघं मसूर आणि भाकरी जेवलो. यरहाईने तीन कांदे खाल्ले. 

सकाळी मला जाग आली ती पांघरुणावर काहीतरी टपकल्याने. खजुराची बी होती. मी वर पाहिलं. फटीतून बोट गेलं असतं. वीट एका कोपऱ्यावर तोलून राहिली होती आणि कोनोन तिरका, एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

मी बी नेऊन आत्याच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"फट एवढी झाली आहे. दुपारपर्यंत वीट पडेल. माणसं आली नाहीत तरी पडेल."

आत्याने बी बोटांत फिरवली. दारात येऊन वर बघितलं, पण रोजचं वाक्य बोलली नाही. मग तिने हात धुतले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि उंबऱ्याजवळच्या कोनाड्यापाशी गेली. तिथे घराचं दैव असतं, चुनखडीचं वीतभर, नाक झिजलेलं. त्याच्यापुढे तिने चिमूटभर धूप टाकला.

"आम्ही निघतो," ती त्याला म्हणाली. "फार दिवसांसाठी नाही. तोवर तू बघ." आणि मागे न वळता यरहाईला म्हणाली, "काढा छत. पण कोनोनची वीट माझ्या टोपलीत जाईल."

गोरास मदतीला आला. तो छपरावर चढून वरचा मातीचा थर आणि बोरूच्या चटया काढू लागला, यरहाई शिडीवरून एकेक वीट सोडवू लागला आणि माझ्या हातात देऊ लागला. खाली दोन जागा केल्या होत्या. दाराशी आत्याची टोपली, तिच्यात पेंढा: ती जिवंतांची. भिंतीला लागून असलेल्या बसायच्या ओट्यावर मेलेल्यांच्या. त्या तिथेच राहणार होत्या, मातीखाली.

आत्याची वीट आली. तिने पदराने पुसली आणि म्हणाली, एवढी काळी मी कधीच नव्हते. माझी आली. कोनोनची एक बहीण पाळण्यातच गेली होती, तिची लहानशी उलटी वीट ओट्यावर ठेवली. मग आजेसासऱ्यांची, त्यांच्या बायकोची. प्रत्येक विटेच्या कडेवर, ओली असताना काडीने कोरलेलं नाव होतं. छतात असताना कडा लाकडात असतात, त्या कधी दिसत नाहीत. आत्याला अक्षरं येत नाहीत. मी सवयीने प्रत्येक नाव वाचून मगच वीट जागेवर ठेवत होते.

माझ्या बिछान्यावरची वीट यरहाईने दोन्ही हातांनी उतरवली. मी कड पाहिली. मातीने भरली होती. ओल्या फडक्याने पुसली आणि पुन्हा पाहिली. मग चौकाच्या दाराशी उजेडात नेली.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"यावर अबिसाय लिहिलंय."

अबिसाय म्हणजे माझे सासरे. ते सात वर्षांपूर्वी गेले. त्यांची उलटवलेली वीट कोपऱ्यात, पाण्याच्या माठाच्या वर होती. मी गोरासला तीच काढायला सांगितली. ती सहज निघेना. छपराची माती तिच्यावर घट्ट बसली होती, आणि गोरासने पहार सरकवून उचलली तेव्हा माती खपलीसारखी वेगळी झाली. विटेवर काहीच उरलं नव्हतं. ती पांढरट होती, एखाद-दुसरा तांबडा ठिपका. चेहरा मातीला चिकटून गेला होता. खपलीवर तो उमटला होता, उजवं डावीकडे झालेला, मोठे डोळे, जुळलेल्या भुवया. गोरासने ती खपली हातात धरली होती तोवरच तिचे तुकडे झाले आणि डोळे वेगवेगळ्या तुकड्यांवर गेले.

कडेवर कोनोन लिहिलं होतं.

 मी दोन्ही विटा शेजारी ठेवल्या आणि पुन्हा वाचल्या, जणू मधल्या वेळात नावांनी जागा बदलली असेल. सात वर्षं सासरे छतातून खोलीत बघत होते. सात वर्षं कोनोन मातीत तोंड खुपसून होता. त्यांतली पहिली चार वर्षं तो माझ्या शेजारी झोपला होता, स्वतःची वीट समजून बापाच्या विटेखाली.

"तूच दाखवलीस, वहिनी," गोरास वरून म्हणाला. "मी विचारलं कुठली, तू बोट केलंस."

"मी रडत होते. रडणाऱ्या बाईच्या बोटावर जातोस तू?"

"दाढी सारखी, नाक सारखं. मी काय त्यांना बोलायला लावू?"

या चुकीचा अर्थ काय घ्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गोरासचं म्हणणं पडलं की वीट चुकून उलटली, म्हणून ती उलटलीच नाही असं धरावं; पोरगा जिवंतांत मोजावा, टोपलीत ठेवावा. मग त्यालाच शंका आली. विटेने आधीच सांगून ठेवलं होतं आणि आपल्यालाच कळलं नाही, असं तर नसेल? यरहाई म्हणाला की तदमोरला लोक जिवंतपणीच थडग्यासाठी आपला चेहरा कोरून घेतात आणि नंतर तीस-तीस वर्षं जगतात, वर दगडात नाक नीट आलं नाही म्हणून भांडतात. यातून काय सिद्ध होतं ते त्याने सांगितलं नाही. बाहेर छपराएवढ्या उंचीवर टोपल्या घेऊन माणसांची रांग उभी होती. नायक लॅटिनमध्ये काहीतरी सारखं विचारत होता. शब्द कुणाला कळत नव्हते, पण काय विचारतो आहे ते कळत होतं.

आत्या ओट्याच्या कडेला बसली. सासऱ्यांची वीट तिने मांडीवर घेतली होती.

"म्हणजे मी रोज सकाळी बाळा म्हणून हाक मारत होते ती याला," ती म्हणाली. विटेवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिली. "जन्मात कधी यानं माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं."

ती हसली असं मला वाटलं. तोंडावरून खात्री करता आली नाही. मग ती उठली आणि ती वीट टोपलीत, स्वतःच्या विटेशेजारी ठेवली.

"वहिनी, ती आत राहते," गोरास म्हणाला. "मेलेल्यांची आत."

"सात वर्षं होताच ना जिवंत? आणखी थोडे दिवस राहू दे."

 आता एकच वीट उरली होती. ती यरहाईने शिडीवरून उतरून उचलून घेतली होती आणि तो ती धरून खोलीच्या मधोमध उभा होता. छत नव्हतं. वरून ऊन सरळ त्याच्या हातांवर पडत होतं, आणि त्या उन्हात वीट इतकी कोरी दिसत होती की ती कुणाचीही असू शकली असती.

"ही?" त्याने विचारलं.

  मी काय हरवलं याचा हिशेब लावायचा प्रयत्न करत होते आणि तो लागत नव्हता. तीन वर्षं ज्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले होते तो चेहरा दुसऱ्याचा होता. मग थांबले कुणासाठी? ज्याची वाट पाहिली तो वेगळा, आणि ज्याला आम्ही न बघता मातीत ठेवलं तो वेगळा, असे आता दोन कोनोन झाले होते. आणि तरी यातल्या कशानेही एका गोष्टीला धक्का लागत नव्हता. विटा कुणीही कशाही बसवल्या असत्या तरी चपलेचा पट्टा डावाच होता आणि लोकर तांबडीच होती. अनोळखी नावाड्याला ते दुसऱ्या कुठूनही कळणं शक्य नव्हतं. हे मी त्याच दिवशी तोललं होतं, तो ताक पीत असतानाच. त्यानंतर फक्त पारडं हातात धरून बसले होते.

वर रांगेतल्या कुणीतरी टोपली खाली टेकवली. थोडी माती घरंगळत आत आली आणि बिछान्याच्या जागी पडली.

"ती लोकर माझ्या चातीवरची," आत्या म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. टोपलीतला पेंढा सारखा करत होती. "मी तोडून दिली. गाठ तू मारलीस."

"हो."

"घट्ट मारली होतीस?"

"दुहेरी."

आत्याचा हात पेंढ्यात थांबला. यरहाई विटेचं वजन एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत होता. गोरासने गळ्यातली चावी मुठीत धरली होती.

"मग तूच सांग, अमिम्मा," ती म्हणाली. "मला सांगता येत नाही."

मी यरहाईच्या हातातली वीट घेतली, कडेवरचं नाव बोटाने एकदा चाचपलं आणि ती त्याला परत दिली.

"ओट्यावर ठेव, यरहाई," मी म्हणाले. "ही आत राहील. कोनोन बुडाला."